बारवांचा नाद, घर आणि ‘आलोच’ हा शब्द

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ज्यांच्या नजरेतून सुटला असेल त्यांच्यासाठी थोडक्यात: परभणीत औषधांच्या दुकानात नोकरी, लग्नाला तीन वर्षं, दीड वर्षाची मुलगी. सात महिन्यांपासून बारवा (पायऱ्यांनी उतरायच्या जुन्या दगडी विहिरी) आणि वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड) यांवर ऑनलाइन लिहिताय. दर रविवारी गाडी काढून एखादं गाव, रात्री अकरानंतर लिहायला बसणं, आठवड्याला एक लेख. वाचणारे चाळीस-पन्नास. बायको म्हणते, ‘तुम्ही घरात असता, पण नसता.’ आणि तुमचा सवाल असा की लिहिणं सोडून देऊ, की उलट नोकरीच सोडून पूर्ण वेळ यात पडू? जाता जाता हेही विचारलंय की मापं घ्यायला कोणता टेप वापरता. टेपचं शेवटी सांगतो.

मी लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, एका आडतीवर मुनीम आहे. २०१६ पासून बारवांवर लिहितो. इतिहासाची पदवी नाही, पुरातत्त्वाशी नोकरीचा संबंध नाही. त्यामुळे बारवेबद्दल माझ्यापेक्षा जास्त कळणारी माणसं खूप भेटतील. पण नोकरी, घर आणि हा नाद एकाच छपराखाली कसा ठेवायचा, याबाबतीत मी बऱ्यापैकी ठेचा खाल्ल्यात. तेवढ्याच अधिकारानं लिहितोय.

आधी एक सांगतो. तुमच्या बायकोनं ‘वेळ देत नाही’ अशी तक्रार केलेलीच नाही. ती म्हणतेय, ‘असता, पण नसता’. हे दोन वेगळे आजार आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही हे औषधांच्या दुकानात काम करणाऱ्याला मी सांगायला नको. लिहिणं बंद केलंत तरी ‘नसणं’ जाईलच असं नाही. आणि नोकरी सोडलीत तर वेळ मिळेल, पण महिन्याच्या एक तारखेला घरात जे वातावरण होईल त्यात तुम्ही आणखी कमी ‘असाल’. ही दोन्ही टोकं सोपी का वाटतात, तर दोन्हींत हिशेब करावा लागत नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या मला माहीत नाहीत. आई-वडील सोबत राहतात का, बायकोची स्वतःची नोकरी आहे का, दुकान रात्री किती वाजता बंद होतं, मुलगी रात्री झोपते की जागवते. दीड वर्षाचं मूल घरात असताना जे जमत नाही ते पाच वर्षांच्या मुलाबरोबर जमतं, म्हणून आजचा नियम कायमचा समजू नका. आणि हाच प्रश्न एखाद्या बाईनं विचारला असता तर माझं उत्तर इतकं सरळ नसतं. आमच्या ओळखीतल्या एक ताई जात्यावरच्या ओव्या गोळा करून लिहितात. त्या पहाटे चारला उठून लिहितात, कारण सहानंतर घर जागं होतं आणि मग दिवस त्यांचा राहत नाही. त्यांना ‘घरच्यांशी बोलून घ्या’ असा सल्ला देणारे सगळे पुरुष होते, मीही त्यात होतो. तुम्हाला निदान रविवारी गाडीची किल्ली उचलता येते. ही सवलत आहे हे ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

आता माझं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिली गाडी १२ एप्रिलला आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याच्या आधी मार्चमध्येच पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावली होती. टँकरच्या रांगेत माझ्यापुढं एक म्हातारी होती, लेकीकडं राहायला आलेली. घागरीवर टेकून म्हणाली, ‘आमच्या गावच्या बारवंत अजून पानी हाय बाबा. पर आता कोन उतरतंय?’ पुढच्या रविवारी मी त्या गावाला गेलो. खरंच पाणी होतं, वर हिरवा थर, त्यावर प्लास्टिकच्या बाटल्या. आणि बाजूच्या भिंतीत इतक्या नेटक्या घडवलेल्या दगडांचे कोनाडे होते की मी तासभर नुसता बघत बसलो. त्या रात्री पहिला लेख लिहिला. ज्या शहराला रेल्वेनं पाणी आणावं लागतं त्याच्या शिवारात आठशे वर्षांची पाण्याची जागा कचराकुंडी झालीय, हे सहनच होईना. तुम्हालाही असंच काहीतरी झालं असणार. नाहीतर माणूस वैशाखात रविवारी घर सोडून बारवेत कशाला उतरेल?

पुढची दोन वर्षं मी वेड्यासारखा फिरलो. मोंढ्यात सहा दिवस, सातव्या दिवशी बारव. घरी दोन मुलं, मोठा तेव्हा सातवीत. बायको काही बोलत नव्हती. मी त्याचा अर्थ ‘तिची हरकत नाही’ असा काढला.

दुसऱ्या वर्षीची येळवस, म्हणजे वेळा अमावस्या. परभणीकडं ही किती जोरात असते ठाऊक नाही, पण आमच्या लातूर-धाराशिव भागात मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला शहरं ओस पडतात, सगळी माणसं शेतात. सासुरवाडीच्या रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपी, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, आंबिलाचं मडकं, भज्जी, बाजरीचे उंडे. सगळे नातेवाईक जमलेले. अकराच्या सुमाराला एक मेव्हणा बोलता बोलता म्हणाला, ‘पलीकडच्या गावात एक जुनी बारव आहे, चार किलोमीटर असेल.’ पूजा व्हायची होती. मी बायकोला म्हणालो, ‘आलोच.’

चार वाजता आलो. बारव अप्रतिम होती, तीन तोंडांची, म्हणजे तीन बाजूंनी पायऱ्या उतरणारी, एका कोनाड्यात गणपती जागेवर. वाटेत गाडी पंक्चर झाली, फोनला रेंज नाही. रानात पोचलो तेव्हा पंगती उठून गेल्या होत्या, पोरं कडब्याच्या गंजीवरून घसरत होती. ज्वारीला आंबील शिंपडायची फेरी माझ्याऐवजी धाकट्या साडूनं घातली. बायकोनं माझं ताट झाकून ठेवलं होतं. मी आपला घाईघाईनं बारवेचं सांगायला लागलो. तिनं ऐकून घेतलं, आणि मग एकच वाक्य बोलली, ‘तुम्ही गेलात त्याचं काही नाही. आलोच म्हणालात त्याचं आहे.’

ते वाक्य पचायला मला बरेच महिने लागले. ती दुपारी बारापासून चारपर्यंत दर दहा मिनिटांनी बांधाकडं बघत होती, हे मेहुणीनं नंतर सांगितलं. मी ‘चार वाजतील’ म्हणालो असतो तर ती चिडली असती, पण पंगतीला बसली असती.

मोंढ्यात उधारी चालते. शेतकरी घेतो, खरेदीदार घेतो, आम्हीही घेतो. उधारीनं कुणी बुडत नाही. बुडतो तो तारीख नसलेल्या उधारीनं. ‘देतो की, कुठं जातंय’ म्हणणारा गिऱ्हाईक आणि ‘येतोच की, कुठं जातोय’ म्हणणारा नवरा, दोघांची पत सारखीच. तुम्ही रविवारी आठ तास घराबाहेर असता, हे घराला पेलतं. पण आठ आहेत की पाच की अकरा हे कुणालाच माहीत नसतं, तेव्हा घराचे आठही तास वाया जातात. त्या वेळात बायको माहेरी जाऊ शकत नाही, झोपू शकत नाही, तुमच्या भाकरी टाकू की नको हे ठरवू शकत नाही.

म्हणून माझा पहिला आणि सगळ्यात उपयोगी पडलेला नियम हा, की निघताना परतीची वेळ सांगायची, आणि अंदाजापेक्षा दीड तास उशिराची सांगायची. बारव बघून होवो न होवो, त्या वेळेला दारात. अर्धी राहिली तर अर्धी. मी तीन बारवा अशा अर्ध्या सोडून आलोय. एक तर दोन वर्षांनी पूर्ण पाहिली, तोवर गावकऱ्यांनी गाळ काढल्यामुळं खालच्या सहा पायऱ्या मोकळ्या झाल्या होत्या. पहिल्या वेळी रेटून बसलो असतो तरी त्या दिसल्या नसत्या.

हे झालं जाण्याचं. पण तुमच्या बायकोचं ‘असता, पण नसता’ हे रविवारचं नाही, इतर सहा दिवसांचं आहे असा माझा अंदाज आहे. तो बांधायला कारण आहे.

मुनीम माणसाचा वहीशिवाय कशावर विश्वास बसत नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात मी सहा आठवडे एका शंभरपानी वहीत वेळ टिपला. एका लेखामागं सरासरी प्रवास तीन तास, बारवेवर दीड, फोटो निवडणं दीड, वाचन दोन, लेखन साडेतीन. बेरीज साडेअकरा. माझी समजूत होती तेवढीच. त्याखाली मोठ्या मुलाच्या सांगण्यावरून मी आणखी एक ओळ धरली होती, ‘लेख टाकल्यावर मोबाईल’. ती आली साडेसहा तास. कुणी वाचलं, कुणी काय लिहिलं, अमक्यानं पुढं पाठवलं का, तमक्यानं फोटो उचलून स्वतःच्या नावानं टाकला का. पाच मिनिटं इथं, बारा मिनिटं तिथं, असे साडेसहा. आणि ते सगळे घरातले. साडेअकरातले बरेचसे तास घर झोपलेलं असताना किंवा मी बाहेर असताना जात होते, हे साडेसहा मात्र जेवताना, मुलांचा अभ्यास चालू असताना, बायको काही सांगत असताना गेलेले.

याच काळातली गोष्ट. एका रात्री पिठलं होतं. मी फोनवर एकाशी वाद घालत जेवलो, ताट धुवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी कळलं की पिठल्यात मीठच नव्हतं. बाकी सगळ्यांनी वरून घेतलं. मी तसंच दोन भाकरींबरोबर खाल्लं होतं. मुलं आजही पिठलं केलं की ‘बाबांना विचारा मीठ बरोबर आहे का’ म्हणतात.

तर तुम्ही एक महिना वही ठेवा. बघणं, लिहिणं आणि लिहून झाल्यावर बघत बसणं, अशी तीन खाती वेगळी. माझी खात्री आहे की तिसरं खातं तुम्हाला दचकवेल. ते कापायला मी काय केलं तेही सांगतो. लेख सोमवारी सकाळी सातला टाकतो, म्हणजे टाकला की मला दुकानावर जावंच लागतं. फोनवरून ते सगळं काढून टाकलं. प्रतिक्रिया फक्त दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, दुकानातल्या कॉम्प्युटरवर, मालकांना सांगून, वीस मिनिटं. घरी नाही म्हणजे नाही. पहिले पंधरा दिवस हात खिशाकडं जायचा. मग एक गंमत झाली: मी लगेच उत्तर देत नाही म्हटल्यावर वाचणारे एकमेकांनाच उत्तरं द्यायला लागले, आणि त्यातले काही माझ्यापेक्षा बरं सांगत होते.

चाळीस-पन्नास वाचक या आकड्याबद्दल तुमच्या लिहिण्यात जरा खंत दिसली. बारवेसारख्या विषयाला सुरुवातीला यापेक्षा जास्त वाचक येत नाहीत, आणि यायची घाईही नसावी. मी सुरुवातीला दर आठवड्याला लेख काढायचो तेव्हा एका लेखात ठोकून दिलं होतं, ‘ही हेमाडपंती बारव, म्हणजे हेमाद्री पंडितानं बांधलेली.’ रात्री साडेबाराला लिहिलेलं, डोळे मिटत होते. एका निवृत्त शिक्षकांनी शांतपणे कळवलं की हेमाद्री हा तेराव्या शतकातला, देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांच्या दरबारातला. आणि चुन्याशिवाय दगडात दगड बसवायची ही रीत त्याच्याही आधीची आहे. अंबरनाथच्या देवळाचा शिलालेखच शके ९८२, म्हणजे १०६० सालचा आहे. माझी चूक त्यांनी चार ओळींत दाखवली. मी मात्र ती मान्य करण्याऐवजी दोन रात्री वाद घातला. मीठ नसलेल्या पिठल्याच्या रात्रीचा वाद तो हाच. म्हणजे बघा, घाईनं लेख, लेखात चूक, चुकीवर वाद आणि वाद जेवणाच्या ताटात. आठवड्याला एक लेख हा नियम तुम्हाला कुणी घालून दिलाय? तुम्हीच ना? मग महिन्याला एक करा. वाचणाऱ्याला कळणारही नाही, घराला मात्र लगेच कळेल.

शिवाय हा विषयच वर्षाच्या चक्रावर चालतो, तुम्ही उगाच आठवड्यात कोंबताय. बारव बघायची ती फाल्गुनापासून वैशाखापर्यंत, पाणी खाली गेलेलं असतं, खालचे टप्पे उघडे पडतात. उन्हामुळं सकाळी सहाला बारवेवर पोचून नऊला परत फिरायचं, म्हणजे दुपारी जेवायला घरी. मृग लागला की पायऱ्या पाण्याखाली, वर शेवाळ आणि झुडपात साप. पावसाळ्यात मी बाहेर पडतच नाही. उन्हाळ्यात जमवलेलं तेव्हा लिहितो, रविवारी सकाळी दोन तास, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, सगळे आजूबाजूला असताना. दसरा ते दिवाळी सोयाबीनची आवक असते, दुकानातून रात्री नऊ-दहाला सुटतो. तेव्हा लेखन बंद, पाटी पुसून ठेवल्यासारखं. पुढं तुरीच्या हंगामातही तेच. तुमच्या दुकानाचाही असा हंगाम असेलच. पावसाळ्यात ताप-सर्दीची गर्दी तर असणारच. तो ओळखा आणि त्या दिवसांत लिहायचं ठरवूच नका, म्हणजे न लिहिल्याची टोचणीही लागणार नाही.

बारवेवरचा वेळही कमी करता येतो. मी एका पानाचा तक्ता छापून घेतलाय. तोंडं किती आणि कोणत्या दिशांना (अपराजितपृच्छा या शिल्पग्रंथात एका तोंडाची ती नंदा, दोन तोंडांची भद्रा, तीनची जया, चारची विजया अशी नावं आहेत, ती लेखात घालायला छान वाटतात), टप्पे किती, दिसणाऱ्या पायऱ्या किती, कोनाडे कुठं आणि त्यात काय, पाण्याची पातळी तारखेसकट, गाळ-कचरा, आणि गावकरी तिला काय म्हणतात. पान भरलं की निघायचं. पूर्वी मी तीन-तीन तास घालवायचो, त्यातला निम्मा वेळ ‘अजून काही राहिलं का’ या धास्तीत जायचा. तक्त्यानं ती गेली. आता बहुतेक बारवा तासाभरात होतात.

आणि सगळा मराठवाडा अंगावर घेऊ नका. तुम्ही पहिल्याच लेखात वालूरची गोल फिरत उतरणारी बारव घेतलीत, मग चारठाणा, मग एकदम बीडची खजाना बावडी आणि आता धाराशिवकडं निघायचा विचार करताय. वालूरवर लिहिणारे बरेच आहेत. सेलू-जिंतूर भागातल्या ज्या बारवेला नाव नाही, तिच्यावर लिहिणारे तुम्हीच. मी लातूर, औसा, निलंगा आणि रेणापूर या चारच तालुक्यांचं कुंपण घालून घेतलंय. अंबाजोगाईला मी जातो तो देवीला, हातात टेप नसतो. कधीकधी जीव तुटतो, खोटं कशाला बोलू. पण दीड तासाच्या अंतरातलं पुरवून पुरवून खाल्लं तरी माझा जन्म पुरणार नाही.

इथं तुम्ही म्हणाल, दगडाची बारव कुठं पळून जात नाही, आपल्यासाठी थांबते हे खरं, पण नेहमी थांबत नाही. बरोबर आहे. एका गावात रस्ता रुंद होणार असं कानावर आलं होतं, बारव कडेलाच होती. मी ‘पुढच्या महिन्यात जाऊ’ म्हणालो. गेलो तेव्हा मुरूम टाकून सपाट केलेलं, वर पानटपरी. तिचा माझ्याकडं एकही फोटो नाही. तेव्हापासून वर्षातून दोन-तीनदा मी नियम मोडतो. बुजवणार, पाडणार, वीरगळ उचलून बांधकामाच्या पायात घालणार अशी पक्की खबर असेल तर मंगळवारीसुद्धा सुट्टी टाकून जातो. पण घरी तसंच सांगून, की हे आजच आहे, उद्या नसेल. दर रविवार ‘आजच आहे’ म्हणून नेला की या खऱ्या वेळी कुणी ऐकत नाही.

आता सगळेच देतात तो सल्ला: ‘बायकोलाही सोबत घेऊन जा, तिलाही आवड लागेल.’ मी नेलं होतं. एप्रिल महिना, धाकटा चार वर्षांचा, बारवेला कठडा नाही. मी खाली मापं घेतोय आणि ती वर पोराचं मनगट धरून उन्हात उभी. टेपचं दुसरं टोक धरायला तिला खाली बोलावलं तेव्हा तिनं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती मी अजून विसरलो नाही. तुमच्या दीड वर्षाच्या मुलीला घेऊन तर हा प्रयोग करूच नका. तुमचा नाद तिचाही व्हावा ही अपेक्षाच जरा आगाऊ आहे. तिला तिचा रविवार मिळू द्या. आमच्याकडं महिन्याचा दुसरा रविवार माझा, तिसरा तिचा. त्या दिवशी ती कुठंही जाते, स्वयंपाक मी आणि मुलं करतो, आणि ती निघताना मी ‘किती वाजता येशील’ विचारत नाही. ती स्वतःच सांगते, आणि बरोबर त्या वेळेला येते. मला वाटतं मुद्दामच.

तरी एकदा तिनं आपणहून माझ्या कामात बोट घातलं, ते सांगतो. एका बारवेच्या तिसऱ्या पायरीवर शेंदूर लावलेले सात लहान दगड होते. मी तक्त्यात ‘अलीकडचे, महत्त्वाचे नाहीत’ असं लिहून मोकळा झालो. ती फोटो बघून म्हणाली, ‘अहो, या आसरा आहेत.’ आसरा म्हणजे पाण्याच्या देवता. मग तिनं सांगितलं की तिच्या आजोळी बाळंतीण पहिल्यांदा बाहेर पडली की बारवेवर जाऊन पाण्याची पूजा करायची, आसरांना हळदकुंकू, हिरव्या बांगड्या. मी पुन्हा त्या गावी गेलो, पण बायका माझ्याशी याबद्दल बोलेनात. शेवटी तिनंच सासूबाईंच्या ओळखीनं फोन लावून दोन म्हाताऱ्यांना बोलतं केलं. दोन वर्षं मी पायऱ्या आणि कोनाडेच मोजत होतो. त्या पायऱ्या रोज चढून-उतरून घागरी वाहणाऱ्यांना एकदाही विचारलं नव्हतं. तो लेख माझा सगळ्यात जास्त वाचला गेला. ती त्यानंतर बारवेवर कधी आली नाही, आणि मीही बोलावलं नाही.

नोकरी सोडण्याबद्दल माझं मत कच्चं नाही: सोडू नका. स्पर्धा परीक्षा, पाककृती, शेअर बाजार यावर लिहीत असतात तर मी ‘बघा, विचार करा’ म्हणालो असतो. बारवेवर लिहून पोट भरत नाही. गूगलच्या जाहिरातींचे पैसे खात्यात शंभर डॉलर जमल्याशिवाय ते सोडतच नाहीत, आणि माझे पहिले शंभर जमायला दोन वर्षांच्या वर गेली. आल्यावर त्यात गाडीचं मागचं टायर बदललं, पुढचं पगारातून. कधीमधी एखाद्या कॉलेजात बोलायला बोलावतात, शाल-नारळ देतात, पेट्रोलचे पैसे द्यायचे विसरतात. घरात आता माझ्या नारळांची चटणी हा विनोद झालाय. पैशाचा उलटा परिणामही सांगतो. जाहिरातींवर नजर गेली की मी जास्त लेख, भडक मथळे, ‘रहस्यमय’ हा शब्द असं करायला लागलो होतो. पगार दुकानातून येतो म्हणूनच मी एखादी बारव सहा महिने न लिहिता ठेवू शकतो. पेट्रोलला मात्र महिन्याची रक्कम ठरवा आणि बायकोला सांगून ठरवा. आमचा आकडा आठशे आहे. संपला की महिना संपला.

‘रहस्यमय’वरून आठवलं. जागेचा नेमका पत्ता, नकाशावरची खूण लेखात टाकू नका. मी एका वीरगळाची टाकली होती. दोन महिन्यांनी त्याच्या बुडाशी रात्रीत खड्डा खणलेला. गुप्तधनवाले. आणि त्याच सुमारास दोन अनोळखी माणसं माझा पत्ता काढत घरी आली, ‘अजून कुठं कुठं असे दगड आहेत’ विचारायला. मी दुकानावर होतो. दार बायकोनं उघडलं. तेव्हापासून गावाचं आणि तालुक्याचं नाव, बास. घराचा पत्ता, मुलांच्या शाळेचा गणवेश दिसणारे फोटो, ‘आज मी अमक्या गावात आहे’ असं चालू वेळेत सांगणं, सगळं बंद. गावाहून परतल्यावर आठवड्यानं लिहा. तुम्ही घरी नाही हे जगाला कळायची गरज काय?

रात्री अकरानंतर लिहिण्याबद्दल एवढंच, की दिवसभर तुम्ही लोकांना औषधं देता. झोप न झालेल्या माणसानं चिठ्ठी वाचू नये. माझी आकडेमोड चुकली तर शेतकऱ्याची हिशेबाची पट्टी दुसऱ्या दिवशी दुरुस्त होते, तुमचं तसं नाही.

तर सध्या काय करा? येत्या रविवारी जाऊ नका आणि न जाण्याचा मोठेपणा बायकोला सांगूही नका. वही आणा. महिन्याभरानं तिच्यासमोर उघडा आणि तिसऱ्या खात्याचा आकडा तुम्हीच वाचून दाखवा. पुढच्या महिन्याचा तुमचा रविवार आणि तिचा रविवार तेव्हाच भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून टाका, पेननं.

आता टेप. लोखंडी पट्टीचा नको, ओलाव्यानं गंजतो आणि दगडावर दुमडला की मोडतो. हार्डवेअरच्या दुकानात कापडासारखा फायबरचा मिळतो, बांधकामवाले वापरतात, तीस मीटरचा घ्या. एकट्याला दुसरं टोक धरायला कुणी नसतं, म्हणून त्याच्या कडीला पावशेराचं जुनं वजन बांधतो मी, मोंढ्यात अशी पडलेली असतात. ते पायरीवर ठेवायचं आणि आपण चालायचं. खोली मोजायलाही तेच सोडता येतं. आणि पायऱ्या उतरताना वहाणा वरच काढून ठेवा. एकदा मी शेवाळावरून चपलेसकट चार पायऱ्या गेलो होतो, घोटा अजून थंडीत बोलतो. त्या दिवशी घरी ‘एक वाजेपर्यंत येतो’ म्हणून सांगितलं होतं, म्हणून सव्वाला बायकोनं मेव्हण्याला शोधायला धाडलं.